तेर्योने पिंप का फोडलं

‘नको रे पेरू, राजा, माझी जमीन खडकाळ
बी तुझं सोन्याचं, माझ्या वाट्याला माळ…’

हा आवाज साबिंगचा. सान इसिद्रोच्या जत्रेत, चर्चपुढच्या पटांगणात, उन्हं कलताना ऐकलेला. मी, पुलो, तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि गिटार माझ्या मांडीवर होती. तो आवाज गिटारीच्या पोकळीत शिरला आणि तिथेच राहिला, असं मला अजून वाटतं. ती ओळ संपली तेव्हा लोक खदखदून हसले. बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. मीही हसलो, आणि तारा जरा जास्तच जोरात छेडल्या. त्या हसण्याची मला पुढे फार लाज वाटली.

बालिताव म्हणजे आमच्याकडचा सवाल-जवाब. बाप्या सवाल टाकतो, बाई जवाब देते, मग बाई सवाल टाकते. तिथल्या तिथे जुळवायचं, पाठ केलेलं चालत नाही. आमच्या तिगबाव गावात त्याचा एकच नियम आहे, पण तो पाळलाच पाहिजे: सवाल अंगावर आला की जवाब द्यायचा. गप्प बसला तो हरला, आणि हरणाऱ्याने वर्षभर समोरच्याच्या घरी पाणी भरायचं. आमच्या जुन्या मुखियाने एका मासळीवाल्या विधवेकडे असं वर्षभर पाणी भरलं होतं. खांद्यावर कावड, डोक्यावर मुखियाची टोपी. ‘एवढा मोठा माणूस, आणि एका बाईपुढे जवाब सुचला नाही!’ असं म्हणत पोरं मागून फिरायची. पण त्याने एक दिवस चुकवला नाही.

तेर्यो आणि साबिंग ही आमची जत्रेची जोडी. नवरा-बायकोच होते, तरी गाताना असे भांडायचे की नुकतीच ओळख झाली असावी. तेर्यो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला नोंग म्हणायचो, तिला नांग. तो उंच, वाकलेला, आवाज जाड. ती बुटकी आणि चपळ, तिचे डोळे बोलण्याआधी हसायचे. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नव्हतं. तेर्योने त्या दिवशी नेहमीचाच सवाल टाकला होता, ‘दारी उभा मी केव्हाचा, हंगाम कधी गं येणार.’ त्यावर तिने भर जत्रेत तो खडक स्वतःच्या अंगावर ओढून घेतला. तेव्हापासून गाव तिला खडकच म्हणू लागलं. प्रेमाने म्हणायचे म्हणे. प्रेमाने मारलेला दगडही दगडच असतो.

आता त्या निळ्या पिंपाचं सांगतो.

आमचं गाव अपो डोंगराच्या पायथ्याशी, चारी बाजूंनी केळीच्या बागा. आमच्या केळी नव्हेत, कंपनीच्या. माझ्या आजोबांच्या जमिनीवर आधी अमेरिकन मोजणीदार आला होता. त्याने साखळी ओढली, झेंडे रोवले आणि विचारलं, कागद कुठे आहे? आजोबा म्हणाले, हा नारळ माझ्या बापाने लावलाय. मोजणीदार म्हणाला, झाड म्हणजे कागद नव्हे. मग शाळा आली. शाळेत माझ्या वडलांना ‘ए फॉर ॲपल’ शिकवलं. ॲपल त्यांनी मरेपर्यंत खाल्लं नाही. पुढे अमेरिकेने आमचा देश आम्हाला परत दिला, असं पुस्तकात आहे. देश दिला असेल. जमीन तेवढी वाटेत कुठेतरी राहिली, आणि तिच्यावर कंपनीच्या केळी उगवल्या. गोरी, लांब, एका मापाची केळी, पेटीत बसतील अशी. वाकडी निघाली की नापास. ती नापास केळी आमच्या डुकरांना.

तेर्यो लग्नाआधीपासून टोचणीच्या टोळीत होता. हातपंपाला लांब सुई, सुई केळीच्या बुंध्याशी मातीत खुपसायची, दांडा दाबायचा. मातीतले किडे मरायचे. औषधाला गोडसर उग्र वास होता. पाठीवरचा डबा गळायचा, पाय भिजायचे, आणि मुकादम ओरडायचा, ‘अरे, घाबरता काय! हे मुळांचं दूध आहे, दूध! अमेरिकेतून आलंय!’ ते खरंच अमेरिकेतून आलं होतं. तिथल्या कारखान्यात ते औषध बनवणाऱ्या माणसांना मुलं होईनात, म्हणून तिथल्या सरकारने ते बंद केलं. मग उरलेल्या पिंपांचं काय करायचं? त्यांना समुद्राची हवा दाखवली आणि आमच्याकडे पाठवलं. हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा फक्त पिंपं दिसली. काय सुंदर पिंपं! आकाशासारखी निळी, झाकण घट्ट, गंज नाही. रिकामी झाली की टोळीतल्या माणसांना एकेक मिळायचं. ज्याच्या घरी निळं पिंप त्याच्या घरी सुबत्ता, असं आम्ही मानायचो.

तेर्योने आपलं पिंप राखेने घासलं, कालामान्सीच्या लिंबांनी घासलं, तीन दिवस उन्हात ठेवलं. मग त्यात माडी भरली, आणि लग्नात आम्ही सगळे त्यातूनच प्यायलो. नंतर ते वळचणीखाली उभं राहिलं. पावसाचं पाणी धरायचं. साबिंग त्याच पाण्याने भात शिजवायची, त्याच पाण्याने न्हायची. कडेला तिने पुदिना लावला होता. पुदिना जगला नाही. तिने दोनदा लावला, मग म्हणाली, ‘माझा हातच कोरडा.’

लग्नाला पंधरा वर्षं झाली तेव्हा शहरातून वकील आले. त्यांच्याबरोबर एक डॉक्टर. म्हणाले, टोचणीच्या टोळीतल्या माणसांची तपासणी करायची, मग अमेरिकेत खटला. पाच जणांची टोळी होती. पाचही जण शहरात गेले, डॉक्टरने प्रत्येकाच्या हातात एकेक छोटी बाटली दिली आणि पडद्यामागे पाठवलं. परत येताना जीपमध्ये काय हसले असतील! ओन्यो म्हणाला, ‘आयुष्यभर कंपनीची केळी मोजली, आता कंपनी आपली मोजणार!’ महिन्याभराने कागद आले. चर्चच्या आवारात वकिलाने मोठ्याने यादी वाचली. ज्यांची नावं यादीत, त्यांच्यात बी नाही, असं सगळ्यांना कळलं. चार नावं होती. तेर्योचं नव्हतं.

अमेरिकेतल्या कोर्टाने सांगितलं, तुमचं दुखणं तुमच्या देशात न्या. आमच्या कोर्टाने सांगितलं, ज्याने दुखवलं तो दुसऱ्या देशात राहतो. दोन्ही दारं बंद झाली तेव्हा कंपनीचा माणूस खिडकीतून आला. चौघांच्या हातावर थोडंसं ठेवलं आणि सह्या घेतल्या. कागद इंग्रजीत होता. त्यात लिहिलं होतं, यापुढे या विषयावर कुठेही, कोणाजवळही तोंड उघडणार नाही. चौघांनी सह्या केल्या. काय करतील?

आणि तेर्यो सुटला, असं गाव म्हणालं. तेर्यो धडधाकट. म्हणजे मग राहिलं कोण? त्याची मोठी बहीण, नांग क्विरिना, विहिरीवर म्हणाली, ‘बघा, मी म्हणत नव्हते? माझ्या भावाचं बी सोन्याचं. खडकावर पेरलं, काय उगवणार?’ साबिंग तिथेच धुणं धूत होती. तिने फक्त धोपटणं जरा जोरात मारलं.

त्याच आठवड्यात तेर्योने पिंप फोडलं. भर सकाळी, कुऱ्हाडीने. मी कुंपणापलीकडून पाहिलं. पाणी अंगणभर झालं, कोंबड्या ओरडत पळाल्या, आणि तो फोडतच होता. साबिंग दारात उभी राहून बघत होती. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाला, ‘गंजलं होतं.’ कुठे गंजलं होतं! तुकडे त्याने ओढ्यापलीकडे खोल पुरले. दुसऱ्या दिवसापासून खांद्यावर कावड घेऊन डोंगरातल्या झऱ्यावर जाऊ लागला. जायला पाऊण तास, यायला त्याहून जास्त. पुढे नळ आला, तरी पिण्याचं पाणी झऱ्याचंच. गावाला चेष्टेला विषय मिळाला. ‘काय तेर्यो, कोणत्या सवालाला हरलास?’ तो हसायचा आणि म्हणायचा, ‘बायकोच्या.’ आणि ती दोघं बालिताव गायची बंदच झाली. तेर्यो म्हणाला, घसा बसला. तो पंधरा वर्षं बसलेलाच होता.

टोचणी गेली, तसं विमान आलं. नव्या औषधाचं, पिवळं, छोटं विमान. आठवड्यातून दोनदा, सकाळी सहाला. आवाज आला की बायका दोरीवरचे कपडे ओढायच्या, कोणी भाताच्या भांड्यावर झाकण टाकायचं, कोणी म्हातारीला घरात ओढायचं. मग वरून बारीक धुकं उतरायचं, केळीवर, शाळेच्या पत्र्यावर, आमच्या पापण्यांवर. मागच्या वर्षी कंपनीने बाग डोंगराकडे वाढवली, आणि विमान झऱ्यावरूनही जाऊ लागलं. तेर्योने कावड घेऊन वर जाणं तरीही सोडलं नाही. पण आता तो झऱ्याशी बसून पाण्याकडे नुसता बघत राहतो, असं गुराखी सांगायचे.

निदा आमच्या आरोग्यकेंद्राची सुईण. तिच्या वहीत सगळ्यांची जन्मवेळ आणि सगळ्यांची गुपितं. तिनेच नगरसभेकडे अर्ज लावला, वरून फवारणी बंद करा म्हणून. दीड वर्ष अर्ज फिरला आणि अखेर सुनावणीची तारीख लागली. कंपनीच्या वकिलाने आधीच कळवलं होतं, खोकला, पुरळ यांना पुरावा म्हणत नाहीत. कंपनीच्या औषधाने या गावात कोणाचं कायमचं नुकसान झालं असेल तर तो माणूस समोर उभा करा.

निदा तेर्योच्या अंगणात आली तेव्हा मी तिथेच होतो. साबिंग आत वाटण करत होती.

‘नोंग तेर्यो, तुम्ही टोळीत होतात ना?’

‘होतो. मग?’

‘चौघांमधले दोघं गेले. ओन्यो आणि बितोय आहेत, पण त्यांनी सह्या केल्यात. वकील म्हणतो, बोलले तर त्यांच्यावरच खटला होईल. तुम्ही एकटेच सही न केलेले.’

‘माझं काय नुकसान झालंय? मी धडधाकट आहे. विचार गावाला.’

‘तुम्ही निदान त्या औषधाचं सांगा. पिंपं घरी दिली ते सांगा. काहीच नाही त्यापेक्षा बरं.’

‘माझा घसा बसलाय, पोरी.’

निदा उठली. जाता जाता म्हणाली, ‘शेजारच्या चावीबाईच्या सुनेला सातवा महिना आहे. विमान आलं की ती पलंगाखाली जाऊन बसते. पोट धरून. हे तुमच्या बसलेल्या घशाला सांगा.’

आत पाट्याचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

दोन दिवसांनी तेर्यो माझ्याकडे आला. मी गिटारीला तारा बसवत होतो. तो बाकावर बसला, कंबरेचा जुना कोयता लाकडी म्यानासकट सोडून मांडीवर घेतला. हा कोयता तो वापरायचा नाही, भिंतीवर टांगलेला असायचा. त्याने पातं बाहेर काढून ठेवलं आणि म्यान उलटं करून आपटलं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक घडी बाहेर पडली.

‘वाच, पुलो.’

मी वाचलं. इंग्रजी मला बेताचं येतं, पण त्या कागदावर वाचण्यासारखं फारसं नव्हतंच. त्याचं नाव होतं, तारीख होती, आणि एका चौकटीत शून्य.

‘नोंग, पण यादीत तर तुझं नाव—’

‘यादी वाचायच्या आदल्या दिवशी वकिलाकडे गेलो. पाय धरले त्याचे. म्हटलं, माझं नाव वाचू नका, मला खटला नको, पैसा नको. तो म्हणाला, तुझी मर्जी.’ त्याने शून्याच्या कागदाची घडी पुन्हा केली, अगदी जुन्या रेषांवर. ‘मला वाटलं, माझी लाज तेवढी झाकतोय. क्विरिना विहिरीवर काय बोलली ते कळलं तेव्हा समजलं. माझं नाव गळलं ते साबिंगच्या कपाळावर जाऊन बसलं. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कुऱ्हाड घेतली आणि पिंपाला मारलं. पिंपाने काय केलं होतं?’

‘आता सांग.’

‘पंधरा वर्षांनी? तिने नवस केले, पुलो. जहाजातून सेबूच्या मोठ्या चर्चपर्यंत गेली मेणबत्त्या लावायला. मी तिला बंदरावर पोचवायला गेलो, तिचं गाठोडं उचललं, आणि खिशात हे होतं.’ त्याने घडी परत म्यानात सारली. ‘ती गेली तर? माहेरी निघून गेली तर मी कोणासाठी पाणी आणू?’

मी म्हटलं, ‘हे म्यानात ठेवलंस. घरातली प्रत्येक वस्तू नांग साबिंग पुसते. कधी सापडलं नाही तिला?’

‘सगळं पुसते. खिळासुद्धा पुसते. याला तेवढा कधी हात लावत नाही.’

म्हणाला आणि म्यानाकडे नव्याने बघू लागला. मी तार पिळली. ती जरा जास्त पिळली गेली आणि तुटली.

सुनावणीच्या दिवशी नगरसभेचं सभागृह भरलं होतं. पंखे फिरत होते, वारा मात्र फक्त सभासदांना मिळत होता. कंपनीने सगळ्यांसाठी खाऊचे डबे आणले होते, सारणाचा पाव आणि थंड पेय. निदा म्हणाली, ‘कोणी खायचं नाही.’ मागून बितोय म्हणाला, ‘खाऊया की. मत नाही द्यायचं, पाव खायचा. पाव आपल्याच उसाचा गोड आहे.’ लोकांनी पाव खाल्ले.

कंपनीचे वकील अटर्नी सालुदो, शहरातले, पण बोलणं आमच्याच बोलीत, मऊ. आमच्या रीतीप्रमाणे म्हाताऱ्यांच्या हाताला कपाळ लावून ते पुढे गेले. त्यांच्या शेजारी अमेरिकेतून आलेला एक सल्लागार, घामाने लाल, बाटलीतलं पाणी घोट घोट पीत. तो पूर्ण वेळ एक अक्षर बोलला नाही. त्याच्या वतीने एक पत्र वाचलं गेलं, त्याच्या देशातल्या कुठल्याशा व्यापार कार्यालयाचं. पत्रात आमच्या गावाचं नाव चुकवलेलं होतं, पण अर्थ चुकवलेला नव्हता. तुम्ही हा ठराव केलात तर गुंतवणुकीची कदर नसलेल्या ठिकाणांच्या यादीत तुमचं नाव जाईल. मग उद्या तुमची केळी, तुमचा नारळ, कोण घेईल ते बघा. आम्ही सल्ला देतो, धमकी नव्हे. आजोबांचा मोजणीदारही असाच गोड बोलत असेल, असं मला वाटलं.

सालुदो उभे राहिले. ‘माझ्या भावांनो, बहिणींनो, कंपनी इथे चाळीस वर्षं आहे. चाळीस वर्षांत एकही लेखी तक्रार नाही.’

‘तक्रार तुमच्याच कचेरीत द्यायची, आणि इंग्रजीत!’ एक सभासद बाई म्हणाल्या. लोक हसले.

सालुदोही हसले. ‘मग आज आपल्या बोलीत द्या. मी बसतो. आहे का कोणी? एक माणूस?’

पंखे घरघरले. चावीची सून पोटावर हात ठेवून पहिल्या रांगेत बसली होती. ओन्योने मान खाली घातली. आणि मागच्या रांगेतून तेर्यो उठला.

चालत पुढे आला. कंबरेला त्या कोयत्याचं नुसतं म्यान होतं. शिपायाने दारात काढून घ्यायला हवं होतं, पण कोयता नाही म्हणून सोडलं असावं. माइकसमोर उभा राहिला.

‘मी… टोचणीच्या टोळीत होतो. पाच वर्षं.’

‘उत्तम,’ सालुदो आदराने म्हणाले. ‘नोंग, तुमची तब्येत कशी आहे?’

‘बरी आहे.’

‘त्या औषधाने तुम्हाला स्वतःला काही त्रास? सांगा, मोकळेपणाने सांगा.’

तेर्योचं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. त्याने एकदा वळून पाहिलं, साबिंग जिथे बसली होती तिथे, आणि त्याचा हात म्यानावर गेला आणि तिथेच राहिला. सालुदो हळूच म्हणाले, ‘काही नसेल तर तसं म्हणा, नोंग. त्यात काही लाज नाही.’

तेव्हा साबिंग उभी राहिली. पिवळा झगा, हातात खाऊचा न उघडलेला डबा. तिने डबा खुर्चीवर ठेवला. मला वाटलं, ती निघून जाणार. तिने घसा साफ केला.

पंधरा वर्षांनी तो आवाज आला. जरासा फाटलेला, पण तोच.

‘किती वर्षं राजा, म्हणत आले मी खडक…’

सालुदोंनी अध्यक्षांकडे पाहिलं. ‘माननीय, ही सुनावणी आहे. गायनाचा कार्यक्रम—’

अध्यक्षस्थानी उपनगराध्यक्ष होते. त्या जुन्या मुखियाचा मुलगा. त्यांनी चष्मा काढला. ‘अटर्नी, तुम्ही शहरातले. आमच्याकडे सवाल सुरू झाला की मध्ये बोलत नाहीत. माझ्या बापाने एका सवालापायी वर्षभर पाणी भरलंय. नांग, पुरं करा.’

माझ्याकडे गिटार नव्हती. समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर मी अंगठ्याने ठेका धरला. साबिंगने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती फक्त तेर्योकडे बघत होती, आणि तिचे डोळे, देवाशपथ, बोलण्याआधी हसत होते.

‘किती वर्षं राजा, म्हणत आले मी खडक
पिंप का फोडलंस, आज सांग बेधडक.’

आता मी जरा थांबतो आणि पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवट मला हवा तिथे ठेवता येईल. ठराव त्याच दुपारी मताला पडला. सात बाजूने, तीन विरुद्ध. कंपनी वरच्या कोर्टात गेली, आणि खटला अजून चालू आहे. तो किती चालेल ते त्या कोर्टालाच माहीत. पण निकाल लागेपर्यंत विमानाला मनाई आहे. सकाळी सहाला आमचं आकाश रिकामं असतं. बायका कपडे दोरीवरच राहू देतात. दुसऱ्या दिवशी ओन्यो आणि बितोय निदाकडे गेले आणि आपापलं सांगून आले. निदा म्हणाली, अहो, तुमच्या सह्या आहेत! बितोय म्हणाला, ‘सही हाताने केली होती, तोंडाने नाही.’ शेजारच्या तीन गावांनी आमच्या ठरावाची नक्कल मागून नेली. चावीच्या सुनेला मुलगी झाली. ती एवढी रडते की म्हणतात, हीच पुढची बालितावची गायिका. नांग क्विरिनाने साबिंगच्या दारात पुदिन्याचं रोप आणून ठेवलं. ते जगलंय. आणि तेर्यो अजून झऱ्यावर जातो, फक्त आता दोघं जातात, आणि येताना चढणीवर भांडण्याचे आवाज खालपर्यंत ऐकू येतात. कधीकधी ते भांडण यमकात असतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या घटकेला सभागृहात नुसता माझा अंगठा वाजत होता, आणि एक माणूस माइकसमोर उभा होता. सवाल अंगावर आलेला. नियम सगळ्यांना ठाऊक.

तेर्योने म्यान उलटं केलं. घडी टेबलावर पडली, अध्यक्षांच्या समोर. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. सालुदोंकडे नाही, त्या लाल झालेल्या पाहुण्याकडेही नाही. तो साबिंगकडे वळला. गाईल असं आम्हाला वाटलं. माझा ठेका त्याच्यासाठी चालूच होता. पण त्याने हात वर करून मला थांबवलं, आणि जाड, बसलेल्या आवाजात, साध्या बोलण्यात म्हणाला,

‘पिंपातल्या औषधाने माझं बी मेलं होतं, साबिंग. कागद आला त्या दिवशी मला कळलं, आणि मी तुला सांगितलं नाही. तुझी माती चांगली होती. खडक कधीच नव्हता.’